लिहिण्याचे वेगळे पैसे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका साडीच्या दुकानात मालकांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला, माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग अगदी मनापासून विचारलं, “म्हणजे ताई, लिहिण्याचे वेगळे पैसे?”

कुचेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं. सेलचा फ्लेक्स करायचा तर फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटाचा दर सांगतो, त्यात डिझाइन आलं आणि मजकूरही आला. पेपरात जाहिरात द्यायची तर एजन्सीचा माणूस दुकानात येतो, पाठकोऱ्या कागदावर चार ओळी खरडतो आणि संध्याकाळी प्रूफ दाखवतो. मजकुराचं बिल त्यांना आजवर कुणी लावलं नव्हतं. भाजीबरोबर कढीपत्ता मिळतो तसा तो मिळायचा. आता ही बाई येऊन कढीपत्त्याचे पाच हजार मागत होती.

ही २०२० च्या दिवाळीआधीची गोष्ट. त्याआधी अकरा वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणी विभागात होते. पुरवणी म्हटलं की लोकांना कथा-कविता आठवतात. माझ्याकडे ‘वास्तू विशेष’, ‘शैक्षणिक विशेष’, ‘पाडवा खरेदी’ असला ऐवज असायचा. बिल्डर, संस्थाचालक, सराफ यांच्यावर पाव पान, अर्धं पान लिहायचं. जाहिरात जेवढी मोठी तेवढं कौतुक मोठं. लॉकडाऊनमध्ये जाहिराती आटल्या, पानं घटली आणि ऑगस्टमध्ये आमच्यातल्या सहाजणांना एकाच दिवशी वर बोलावलं. त्यावर आता जास्त लिहीत नाही. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला, त्याचाही पगार तेव्हा निम्माच येत होता. तो म्हणाला, “सहा महिने बघ. नाही जमलं तर ट्यूशन घे.”

मी दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापली. नावाखाली ‘कॉपीरायटर’, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहून देणारी. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर स्वतःच्या कवितांची वही घेऊन आले. तिचं कॉपीराइट करून हवं होतं. त्यांना समजावता समजावता लक्षात आलं की बाकीच्या कार्डांचंही हेच होणार आहे. उरलेल्या कार्डांच्या मागे मुलीनं गणितं सोडवली.

मग इंटरनेटवरची फ्रीलान्स कामं. तिथे मराठीला मागणी होती, पण ती इंग्रजीतून भाषांतराची आणि दर शब्दाला पंधरा-वीस पैसे. हजार शब्दांचे दीडशे-दोनशे रुपये, त्यातून साइटची कपात. दोन कामं केली. एका मोबाइल अ‍ॅपचा मजकूर होता, तो मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसात आधी हिंदीत होऊन मग माझ्याकडे आलेला. ‘आता मिळवा’, ‘तुमची मदत करण्यास आम्हाला आनंद होईल’. मी ‘तुम्हाला मदत’ केलं तर परत आलं, हिंदीशी जुळत नाही म्हणून. तिसरं काम मी घेतलं नाही.

स्थानिक एजन्स्यांकडे गेले तेव्हा कुठे त्या साडीवाल्या काकांच्या प्रश्नाचा उलगडा झाला. खरं तर अकरा वर्षं पेपरात काढून मला हे माहीत असायला हवं होतं, पण पुरवणीच्या टेबलावरून दिसत नाही. एजन्सीला पैसे मिळतात ते वर्तमानपत्राकडून, जागेच्या दरावर साधारण १५ टक्के कमिशन. दुकानदाराला खूश ठेवून जागा विकायची, म्हणून मजकूर आणि डिझाइन वर घालून द्यायचं. फ्लेक्सवाल्याची कमाई फ्लेक्सच्या कापडावर. जो तो दुसरंच काहीतरी विकतोय आणि लिखाण वर फुकट देतोय. फुकट मिळणाऱ्या वस्तूचं मी दुकान थाटलं होतं. एका एजन्सीच्या मालकांनी तर सरळ सांगितलं, “मॅडम, तुम्ही चांगलं लिहिता हो, पण पार्टीला ‘जगात भारी’ एवढंच लागतं. ते आमचा पोरगा पण लिहितो.” आणि खोटं काय त्यात? बिंदू चौकापासून कावळा नाक्यापर्यंत चालत जा, मिसळीपासून मोबाइल कव्हरपर्यंत सगळं जगात भारी आहे.

जानेवारीत एका संध्याकाळी वाण्याकडे उभी होते. पुढे गर्दी, म्हणून समोरच्या फळीवरचं कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट उचललं आणि सवयीनं वाचायला लागले. पुरवणीत प्रूफं वाचून वाचून ही खोड लागलीय. मी लग्नपत्रिकाही तशीच वाचते. घटक पदार्थ: लाल मरिची, कांदा, लसुण, सुके खोबरे, तीळ…

मरिची.

ही चूक मी लगेच ओळखली, कारण ती माणसाची नसते. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, येतो, ऑपरेटर तो उचलून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि सॉफ्टवेअर जुनं असलं किंवा नागरीची सेटिंग चालू नसली की पहिली वेलांटी एक अक्षर पुढे जाऊन बसते. मिरचीची मरिची होते, किमतीची कमित. रफार गळून पडतो, जोडाक्षराचा पाय मोडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये किंवा उलटं नेतानाही असलेच अपघात होतात. ऑपरेटर दिवसभर इंग्रजी, कन्नड, हिंदी, मराठी सगळंच लावत असतो. तो अक्षरं वाचत नाही, ओळ बसली का ते बघतो.

पाकीट उलटलं. मागे ‘ग्राहक तक्रारीसाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर. असा नंबर छापणं पाकीटबंद मालावर बंधनकारक आहे, २०११ च्या वजनमापांच्या नियमांत ते आहे. तेवढ्यात वाणी म्हणाला, “ताई, काय पायजे?” आणि मी बघितलं तर त्या एका फळीवर तीस-चाळीस पाकिटं होती. मसाले, पापड, शेवया, नाचणीचं सत्त्व, काकवी. प्रत्येकावर मजकूर आणि प्रत्येकावर मालकाचा नंबर. मी तीन महिने ज्यांचे नंबर शोधत होते ते सगळे इथे एका फळीवर, सरकारी आदेशानं छापून ठेवलेले!

फ्लेक्स वाऱ्यापावसात आठ दिवसांत फाटतो, त्यातली चूकही त्याच्याबरोबर जाते. पाकिटाचं तसं नाही. छापील पाऊच रोटोग्रॅव्हूरवर छापतात. प्रत्येक रंगाला वेगळा कोरीव सिलिंडर लागतो आणि छपाई हजारांच्या हिशेबात करावी लागते. एकदा मरिची छापली की वर्ष-दीड वर्ष मरिचीच विकायची. इथे चुकीला किंमत होती, म्हणजे लिहिण्यालाही असणार, असा माझा अंदाज.

वहीत सत्तावीस नंबर उतरवून घेतले. पहिल्या फोनला मी म्हटलं, “तुमच्या पाकिटावर शुद्धलेखनाची चूक आहे.” पलीकडून उत्तर आलं, “मग? पाकीट काय शाळंत घालायचंय व्हय?” आणि फोन बंद. पुढचे पाच-सहा असेच गेले. एकानं तर मी अन्न प्रशासनातून बोलतेय असं समजून घाबरून साहेब-साहेब केलं, मला लाज वाटली. मग फोनची सुरुवात बदलली. आधी त्या पाकिटातला माल घरी आणून वापरायचा आणि त्याबद्दल खरं काय ते बोलायचं, मग विचारायचं की पुढचा लॉट कधी छापणार आहात. ‘चूक’ हा शब्द मी काढायचाच नाही. त्यांनाच पाकीट हातात घेऊन ती ओळ वाचायला सांगायची.

मरिचीवाल्या मालकांनी ओळ वाचली. थांबले. परत वाचली. “आयला. वीस हजार पाकिटं छापल्यात हो ही.” मग तोंड बाजूला करून बायकोला हाक मारल्याचं ऐकू आलं, “अगं, मरिची म्हंजे काय गं?”

हे माझे पहिले क्लायंट. करवीर तालुक्यातल्या एका गावात घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मसाला कुटायचा डंक होता. मी त्यांना दादा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मी पाच हजार म्हटलं, दादा म्हणाले, “हजार देतो, वर दोन किलो चटणी.” दोन हजार आणि दोन किलोवर मिटलं. चटणी आधी मिळाली, पैसे दोन महिन्यांनी.

जुन्या पाकिटावर पुढे होतं: ‘अस्सल, शुद्ध, चवदार, दर्जेदार. जगात भारी कोल्हापुरी!’ मी एक दिवस शेडमध्येच बसले. डोळ्यांतून, नाकातून पाणी, शिंका थांबेनात. वहिनी कांदा तळता तळता बोलत होत्या. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी. कांदा आधी उन्हात वाळवायचा, मग तळायचा, नाहीतर चटणीला बुरशी धरते. लसूण सगळ्यात शेवटी. मी विचारलं, लोकांना वापरायची कशी ते माहीत असतं का? त्या म्हणाल्या, “आपल्याकडच्यास्नी म्हाईत असतं. पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक ही पण घालतंय अन् वर गरम मसाला पण घालतंय, मग फोन करून सांगतंय, लई जळजळीत हाय म्हणून.”

हा मजकूर मला घरी बसून कधीच सुचला नसता. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी लक्षात आली. कोल्हापुरात या मसाल्याला कुणी मसाला म्हणतच नाही, चटणी म्हणतात. वर्षाची चटणी करायची, डंकावरून चटणी आणायची. दादांना पाकिटावर ‘चटणी’च हवं होतं. मी पुण्याच्या नणंदेला फोन लावून विचारलं, चटणी म्हटल्यावर काय समजशील? “शेंगदाण्याची की जवसाची?” ती म्हणाली. म्हणजे पुण्यात ते पाकीट चुकीच्या फळीवर गेलं असतं. शेवटी पुढे मोठ्या अक्षरात ‘कांदा-लसूण मसाला’ आणि त्याखाली एकच ओळ: ‘कोल्हापुरात याला चटणी म्हणतात.’ दादा हटून बसले, ‘हिला’ पाहिजे, चटणी ती चटणी. मी म्हटलं, वर मसाला आहे, तो मसाला. अर्धा तास ‘याला’ आणि ‘हिला’वर गेला. मागच्या बाजूला वहिनींचंच म्हणणं: ‘हा घातला की गरम मसाला वेगळा घालू नका. चौघांच्या आमटीला दोन चहाचे चमचे पुरतात.’ अस्सल, शुद्ध, चवदार, दर्जेदार हे चारही गेले. ‘जगात भारी’ काढायला मात्र दादा तयार नव्हते. ते मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, अजून आहे.

पुढचं काम प्रूफाचं. शाहूपुरीतल्या डिझायनरच्या ऑफिसात मी जाऊन बसले तर ते वैतागले. “मॅडम, मजकूर पाठवा, आम्ही लावतो.” मी म्हटलं, लावा, मी नुसती बघते. स्क्रीनवर मरिची आलीच. त्यांच्या समोर आली हे बरं झालं. मग त्यांनी मजकूर नीट बसवला, मी अक्षर अन् अक्षर वाचलं, आणि फाईल कर्व्ह करून घेतली, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि प्रिंटरकडे गेल्यावर काही हलत नाही. अन्न परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी नंबर मी दोनदा मोठ्यांदा वाचला, वजन-किंमत वाचली. उठताना ते म्हणाले, “गेल्या वर्षी एका पार्टीचा पापडाचा लॉट माझ्या अंगावर पडलाय. तुम्ही नुसतं वाचायचं काय घेता?”

खरं दुकान इथे सुरू झालं. एका लेबलाचं प्रूफ वाचायचे चारशे रुपये. सहा महिन्यांत त्यांच्याकडून आठवड्याला तीन-चार लेबलं यायला लागली. वाचता वाचता दर दोन-तीन लेबलांमागे एखादा मालक विचारायचा, हे जरा बरं लिहून देता का? त्याचे तीन हजार. लिहिण्याचे पैसे द्यायला जो तयार नव्हता तो वाचण्याचे देत होता, आणि वाचण्याच्या दारातून मी लिहिण्याच्या खोलीत जात होते. ‘कॉपीरायटर’ हा शब्द मी पुढे कुणासमोर उच्चारलाच नाही. ‘पाकिटावरचं लिहिणाऱ्या ताई’ असंच एकमेकांना सांगतात.

सगळं काही घेतलं असंही नाही. एका काढेवाल्यांना बाटलीवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ लिहून हवं होतं. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवर १९५४ चा कायदा आहे, मधुमेह त्याच्या यादीतच आहे. त्यावर खात्रीनं बरं करतो असं छापता येत नाही. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, “तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरा लिहील.” दुसऱ्यानं लिहिलं. महिन्याभरात रंकाळ्यावर त्यांचा फ्लेक्स होता, ‘मुळापासून’मधला ‘मु’ दीर्घ.

पैशांच्या बाबतीत मी जी माती खाल्ली ती बहुतेक सगळेच खातात, म्हणून थोडक्यात. एका बिल्डरचं माहितीपत्रक केलं, आठ हजारांत, अ‍ॅडव्हान्स न घेता. ‘स्वप्नातलं घर’ काढून वाहत्या पाण्याची वेळ आणि शाळेचं अंतर लिहिलं, महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर जिथे लागतो तिथे घातला. त्यांना फार आवडलं, चार हजार दिले, उरलेले ‘स्लॅब पडला की’. इमारतीत आता लोक राहायला आलेत. तेव्हापासून निम्मे आधी घेतल्याशिवाय मी वहीसुद्धा उघडत नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीचं काम मिळालं तेव्हा पहिल्यांदा बिल चाळीस हजारांचं झालं आणि खात्यात छत्तीसच आले. मी संतापून फोन केला. अकाउंटंटनं शांतपणे सांगितलं, दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापलाय, २६ एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसेल, रिटर्न भरा म्हणजे परत मिळेल. अकरा वर्षं पगारावर काढलेल्या बाईचं ज्ञान हे एवढं. त्याच अकाउंटंटनं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला सांगितली. आधार नंबरवर ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. तिचा उपयोग मला २०२४ च्या मार्चमध्ये कळला. आयकराचा नवा नियम त्या वर्षाच्या हिशेबाला लागू झाला होता: सूक्ष्म-लघु उद्योजकाचं बिल ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, भागवलं नाही तर भागवेपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. एरवी मी तीन-तीन फोन करायचे ती माणसं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःहून विचारत होती, “मॅडम, तुमचं काही राहिलंय का?” बिल्डरसाहेबांचा फोन मात्र आला नाही.

आता महिन्याला पगाराच्या आसपास पडतात, काही महिन्यांत जास्त. पावसाळ्यात कमी, चटणी-पापड-कुरडयांचा सगळा धंदा उन्हाळ्याचा, म्हणून लेबलांची घाई जानेवारी ते मार्च. जीएसटीच्या वीस लाखांच्या उंबरठ्यापासून मी पुष्कळ लांब आहे. नवऱ्यानं ट्यूशनचा विषय परत काढला नाही.

मागच्या वर्षी दादांनी ‘कमी तिखट’ असा नवा प्रकार काढला. मजकूर माझा, प्रूफ माझं, सही माझी. दिवाळीत नणंदेनं पुण्याच्या दुकानात ते पाकीट बघून कौतुकानं फोटो पाठवला. मी तो मोठा करून वाचला. सवयच. मागच्या बाजूला, खालून तिसरी ओळ: ‘साठवणुक: कोरड्या जागी, हवाबंद डब्यात.’

आधी ओळ ‘साठवणुकीसाठी’ अशी होती, तिथे णु ऱ्हस्वच. जागा पुरेना म्हणून डिझायनरच्या मागे उभी राहून मीच ‘कीसाठी’ उडवायला लावलं, आणि मागे राहिलेला उकार तसाच राहिला. साठवणूक. दहा मिनिटं मी फोन हातात धरून बसले. किती पाकिटं? बारा हजार.

दादांना सांगायचं की नाही यावर एक रात्र गेली. सकाळी फोन लावला आणि म्हटलं, दादा, पाकीट घ्या आणि मागची खालून तिसरी ओळ वाचा. त्यांनी वाचली. परत वाचली. “बरोबर हाय की ओ.”

मी चूक सांगितली. काळ्या रंगाचा एकच सिलिंडर बदलावा लागेल, त्याचे पैसे मी देते, म्हटलं. पलीकडे कुजबुज झाली आणि वहिनी फोनवर आल्या.

“त्या णूनं चटणी खराब होणार हाय का?”

नाही, म्हटलं.

“मग ऱ्हाऊ द्या. म्होरल्या लॉटला बघू.”

पुढचा लॉट मार्चमध्ये आहे. सिलिंडरचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.